यानाची डावी बाजू

नाही हो वहिनी, पंप नाही तो. विहिरीवरचा पंप आम्ही पावसाळ्यात चालवतच नाही. घर्रघर्र येतेय ती पडवीतून. कॉम्प्रेसर आहे, रंग मारायचा. छे, घराला कसला! घराला मारत असते तर मी सत्यनारायण घातला असता. यानाला मारतायत आमचे हे. अंतराळयानाला.

हसा, खुशाल हसा. पण गडग्याशी आलाच आहात तर उभ्या राहा जरा, सगळं नीट ऐकून जा. नाहीतर खालच्या वाडीत कुणी विचारलं तर 'निवृत्तीनंतर डोकं फिरलं त्यांचं' एवढंच सांगून मोकळ्या व्हाल.

'स्टार ट्रेक' आठवतंय का तुम्हाला? दूरदर्शनवर लागायचं बघा, त्यात टोकदार कानांचा एक होता... हां, स्पॉक, बरोब्बर. त्यांचं ते यान, एंटरप्राइझ. पुढे मोठी गोल थाळी, तिच्याखाली तिरकी मान, मानेखाली जाडजूड नळकांडं आणि त्याच्यावर दोन दांड्यांवर उचलून धरलेली दोन लांबच लांब इंजिनं. तेच आमच्या पडवीत तयार होतंय, बत्तीस इंची.

हे जन्मभर बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. माप कळल्याशिवाय यांना वस्तू दिसतच नाही. खोका उघडला आणि पहिलं वाक्य काय, तर 'खरं यान ९४७ फूट, म्हणजे २८९ मीटर. आपलं किट एकास साडेतीनशे.' मी म्हटलं, खरं यान कुठलं आलं त्यात? ते टीव्हीवरचं ना? तर म्हणाले, 'आकडा ठरलेला आहे.' झालं! आकडा ठरला की यांच्यापुरती ती वस्तू जगात आली. एकास साडेतीनशे हे मुळात बोटींच्या मॉडेलचं माप म्हणे. लढाऊ जहाजांची किटं याच मापात निघतात. त्यात माणूस करायचा झाला तर पाच मिलिमीटरचा होईल. मी म्हटलं, नका करू. सापडला नाही तर मलाच केरात शोधायला लावाल.

आलं कुठून विचारताय? पुतण्या असतो ना व्हर्जिनियात, त्यानं आणलं बॅगेतून. दोन सुती साड्यांची जागा गेली त्या खोक्यापायी. रंग मात्र इथेच मागवावे लागले, स्प्रेचे डबे आणि थिनर विमानात चालत नाहीत. किंमत? ती मी विचारली नाही आणि यांनी सांगितली नाही. इतक्या वर्षांचा संसार अशाच गोष्टींवर टिकलाय.

तर किट म्हणजे कसं, प्लास्टिकच्या चौकटी येतात आणि त्यांना चहूबाजूंनी तुकडे लटकलेले असतात. निपरनं तुकडा तोडायचा, देठाची गाठ राहते ती घासायची, मग जोडायचा. चिकटवायचा नाही हं, जोडायचा. त्यांचा तो द्रव गोंदासारखा चिकट नसतोच मुळी, पाण्यासारखा पातळ. दोन तुकडे एकमेकांशी धरायचे आणि फटीवर नुसता ब्रश टेकवायचा. आपला आपणच आत ओढला जातो. दोन्हीकडचं प्लास्टिक जरासं विरघळतं, एकमेकांत मिसळतं, वास उडून गेला की एकच तुकडा होतो. परत सुटत नाही. वासाचं म्हणाल तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माजघरात नाही, पडवीत. खिडक्या उघड्या आणि पंखा चालू.

तुम्ही म्हणाल, मुलांचं खेळणं, त्यात एवढं काय? मीही तसंच म्हणत होते. पण एक गोष्ट ऐका, मला फार आवडली. अमेरिकेत एएमटी नावाची कंपनी होती, मोटारींची मॉडेलं करायची. मालिका १९६६च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि त्याच वर्षी या कंपनीनं एंटरप्राइझचं किट बाजारात आणलं. आणि हक्क मिळवले कसे? त्या यानात एक छोटी होडी असते, शटलक्राफ्ट, गॅलिलिओ नावाची. आत माणसं शिरतील एवढी मोठी ती बांधून द्यायची, हे कंपनीनं कबूल केलं. तुम्ही आम्हाला किट काढू द्या, आम्ही तुम्हाला होडी बांधून देतो. रोख व्यवहारापेक्षा बरं. ती होडी पुढे बिचारी कुठेकुठे उन्हापावसात सडत पडली होती. लोकांनी सोडवून, डागडुजी करून २०१३मध्ये ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात नेऊन ठेवली.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. मालिकेत पैशांची नेहमीच मारामार. एका भागात त्यांना एंटरप्राइझसारखंच दुसरं यान हवं होतं, मोडलेलं, जळकं. आता ते बांधायचं कुठून? कुणीतरी दुकानातलं तेच एएमटीचं किट घेतलं, जोडलं, जाळलं, चेचलं आणि उभं केलं कॅमेऱ्यापुढे. नंबर घालायचा तर वेगळा हवा. किटमध्ये स्टिकर असतात ते १७०१चे. त्यांनी काय केलं, तेच आकडे मागेपुढे केले, १०१७! यानाचं नाव कॉन्स्टेलेशन. आणखी एका भागात अंतराळ स्थानकाच्या खिडकीबाहेर लांबवर एंटरप्राइझ दिसते, तीही म्हणे किटचीच. म्हणजे पोरांनी जमिनीवर लोळत जोडायचं ते खेळणं पडद्यावर काम करून आलं. तेव्हापासून मी 'खेळणं' म्हणायचं सोडलं. निदान यांच्यासमोर तरी.

त्या जुन्या किटचा एक दोष मात्र होता. इंजिनांच्या दांड्या लेच्यापेच्या. काही दिवसांनी दोन्ही इंजिनं मान टाकायची. आताच्या या मोठ्या किटमध्ये तो सांधा दणकट आहे, तरी यांनी आत पितळी सळी घातलीच. ड्राफ्ट्समनला भार दिसला की आधार सुचणारच.

आणि ते यान ज्यानं आखलं ना, तो मॅट जेफरीज, तोही आमच्याच यांच्या जातीतला. चित्रं काढणारा, विमानांचं वेड असलेला, स्वतः विमान चालवणारा. यांचा देवच तो! मालिकेच्या जनकानं, रॉडेनबेरीनं, त्याला सांगितलं होतं, रॉकेटं नकोत, पंख नकोत, मागून धूर आणि ज्वाळा नकोत. म्हणजे काय नको ते सगळं सांगितलं, काय हवं ते काहीच नाही. यजमान लोक असेच असतात. मग या माणसानं विचार काय केला बघा. इंजिनं एवढी शक्तिशाली, तर ती माणसांपासून लांब हवीत, म्हणून दांड्यांवर दूर नेली. आणि बाहेरून सगळं गुळगुळीत ठेवलं. का? तर यंत्र बिघडलं तर दुरुस्ती करायला माणूस आतून जाईल, बाहेर पोकळीत कशाला लटकेल? म्हणून नळ्या, वायरी, पेट्या सगळं आत. यानात आत सरपटत जायच्या ज्या बोगद्यासारख्या जागा असतात ना, त्यांना नंतर त्याचंच नाव पडलं, जेफरीज ट्यूब.

मला हे पटलं हो. आमच्याकडे न्हाणीघराचे पाइप पुढच्या भिंतीवरून खेळवले, गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना आधी तेच दिसतात. ते कुणी आखले, हे मी बोलत नाही.

पण गुळगुळीत म्हणजे जोडणाऱ्याला फास. तुमचा मोठा ते 'स्टार वॉर्स' बघतो ना, त्यातली यानं उलटी. अंगभर नळ्या, ठोकळे, जाळ्या, मळ, ओरखडे. तिथे सांधा चुकला तर त्यावर एक नळी चिकटवा, काम झालं. इथे थाळीच्या कडेला केसाएवढी रेघ राहिली तरी ती डोळ्यात येते. वरची थाळी, खालची थाळी जोडल्यावर कडेनं जी रेघ उरते ती पुट्टीनं भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, आधी जाड, मग बारीक, मग पाणी लावून अगदी बारीक. मग करडा प्रायमर मारायचा. प्रायमर म्हणजे चुगलखोर. बोटाला लागत नव्हतं तेही सगळं बाहेर काढून दाखवतो. परत पुट्टी, परत घासणं. हे वैतागत नाहीत बरं का. मला एक डबा पुसून ठेवायला सांगितला तर वैतागतात.

दिव्यांचं सांगते. यानाच्या खिडक्या उजळल्या पाहिजेत, नाहीतर कसलं यान? त्यासाठी आत एलईडी बसवायचे, बारीक वायरी थाळीतून मानेत, मानेतून खाली, तिथून स्टँडच्या नळीतून बाहेर. पण बाहेरचं प्लास्टिक पातळ असतं. आत दिवा लावला की खिडक्या राहतात बाजूला, सगळी थाळीच उजळते, आतून ताप आल्यासारखी. म्हणून आतून आधी काळा रंग द्यायचा, उजेड अडवायला, आणि त्या काळ्यावर पांढरा, उजेड आतल्या आत खेळावा म्हणून. किती थर पुरतील ते अंधारात दिवा लावूनच कळतं. आपल्याकडे तशी सोय चांगली, वीज जातेच. सगळ्या गावात अंधार, आणि आमच्याकडे बॅटरीवर लावलेलं थाळीचं अर्धुक पडवीत तरंगतंय. दूधवाला परवा म्हणाला, वहिनी, तुमच्याकडे संध्याकाळी काही करणी-बिरणी...? मी म्हटलं, आत या, बघा, आणि दिवा कुठून झिरपतोय ते सांगा. त्यानं मानेजवळची एक फट शोधून दिलीन हो! यांच्या चष्म्याला सापडली नव्हती.

इंजिनांची पुढची टोकं बघितलीत का? नारिंगी घुमट. त्यात काहीतरी फिरतं, चमकतं. मूळच्या यानात ते कसं केलं होतं माहितीये? नाताळच्या झाडावर सोडतात ना, ते रंगीत बल्ब, आरशाचे तुकडे आणि मोटरवर फिरणारी पंख्याची पाती. एवढंच! आणि आम्ही टीव्हीसमोर बसून समजत होतो की केवढी ती अणुशक्ती. अगदी पहिल्या भागाच्या वेळी तर तेही नव्हतं, लाकडाचे भरीव घुमट होते आणि त्यांना पुढे काटा. नंतर सुधारलं. यांनीही छोटी मोटर लावलीय. फिरते छान, पण घों घों करते. तिचं बस्तान अजून बसायचंय.

रंगाचं काय विचारता! जुलैत कोकणात लॅकर मारायचं म्हणजे देवाची परीक्षा. ते झटकन उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा इतकी ओली की बाष्प त्यावरच धरतं. रंग वाळला की वर दुधाळ साय. हे कंपनीच्या रंगाला दोष देत होते. मी म्हटलं, रंगाला कशाला, मृगापासून पापड वाळतायत का माझे? तेव्हापासून पडवीत तो हवेतली ओल मोजायचा काटा टांगलाय. काटा खाली आला की कॉम्प्रेसर सुरू, मग वेळ पहाटेची असो की तुमच्या झोपेची. म्हणून तर तुम्हाला आज ऐकू आलं. आज उघडीप आहे ना. नाहीतर ऑक्टोबरपर्यंत थांबायला कोण तयार आहे!

आणि रंग कुठला, तर करडा. साधा करडा म्हणू नका, मला एकदा ऐकून घ्यावं लागलंय. हिरवट करडा की निळसर करडा, यावर जगभरची शहाणी माणसं वर्षानुवर्षं भांडतायत. मूळ यानाच्या रंगाचा खरा पुरावा कुठे, तर वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या विमान-अवकाश संग्रहालयात. आम्ही पाहिलंय ते, पुतण्याकडे गेलो होतो तेव्हा. अकरा फूट लांब आहे वहिनी! लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक. १९६४मध्ये केलेलं. मालिका १९६९ला बंद पडली, ७९ भाग झाले फक्त, आणि १९७४मध्ये स्टुडिओनं ते संग्रहालयाला देऊन टाकलं. मग काय, ज्यानं त्यानं दुरुस्त केलं. १९९१मध्ये दुरुस्ती केली त्यात अंगभर चौकटींच्या रेघा आणि छटा अशा काढल्या की जुने चाहते कपाळाला हात लावून बसले. नंतर कित्येक वर्षं ते तळघरात, संग्रहालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानात होतं. सांगा आता! एकीकडे टोप्या, कप, चाव्यांचे जुडगे आणि मध्ये हे.

२०१४मध्ये तिथून हलवलं आणि नीट कामाला घेतलं. आतली रचना बघायला क्ष-किरण काढले. लोकांना आवाहन केलं की तुमच्याकडे याचे जुने फोटो असतील तर पाठवा. आणि ठरवलं की १९६७च्या ऑगस्टमध्ये ते जसं होतं तसं करायचं. नशीब बघा, थाळीच्या वरच्या भागाला मागच्या कुठल्याच दुरुस्तीवाल्यानं हात लावला नव्हता. तिथे १९६०च्या दशकातला मूळ रंग तसाच शिल्लक. त्यावरून बाकीचा जुळवला. २०१६मध्ये, मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, पुढच्या मोठ्या दालनात आणून ठेवलं. हे तिथे त्या काचेसमोर उभे राहिले ते राहिलेच. मी आख्खं राइट बंधूंचं विमान बघून आले, खाली बसून पाय चोळले, तरी हे तिथेच. मला म्हणाले, 'बघ, थाळीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत.' आणि खरंच होत्या हो, अगदी फिकट, मूळच्याच. टीव्हीवर कधी दिसल्या नसतील कुणाला.

त्या रेघा हे स्वतः काढणार आहेत. तिथे मी कौतुकच करते. करडा वाळला की त्यावर टोकदार शिसपेन्सिल, मधोमध पिन टोचलेली पट्टी, आणि थाळीच्या मध्यापासून कडेपर्यंत एकेक रेघ, मग गोल. हात बघावा त्यांचा तेव्हा. संगणक आल्यावर खात्यात यांचा बोर्ड कोपऱ्यात गेला होता. तो आता माडीवरून खाली आलाय. जोरात रेघ ओढायची नाही. आहे की नाही असं वाटलं पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या कित्येक तयार मॉडेलांवर या रेघा अशा ठसठशीत असतात की थाळीला फरशी घातल्यासारखी दिसते.

आकडे आणि नावं मात्र माझ्याकडे. डीकल म्हणतात त्याला. पाण्यात टाकायचं, कागद सुटतो, पातळ पापुद्रा राहतो, तो चिमट्यानं आणि ब्रशनं सरकवून जागेवर बसवायचा. हे हात लावतात तिथे तो दुमडतो. पेन्सिलीचा हात वेगळा आणि ओल्या पापुद्र्याचा वेगळा. त्यातही गोम आहे. खरबरीत रंगावर लावलात तर खाली हवा अडकते आणि पापुद्रा चंदेरी दिसतो. म्हणून आधी चकचकीत थर मारायचा, त्यावर डीकल, आणि शेवटी सगळ्यावर मॅट. वरून एक औषध लावायचं, डीकल मऊ करणारं. ते लावलं की डीकल आधी सुरकुततं. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. पण तेव्हा हात लावायचा नाही, मुळीच नाही. आपलं आपण वाळतं आणि रंगाला असं बसतं की जणू छापलंय.

एनसीसी-१७०१ असं लिहायचंय थाळीवर. त्यातलं एनसी म्हणजे जुन्या अमेरिकी विमानांच्या नोंदणीची अक्षरं, आणि आकडे जेफरीजनं निवडले ते लांबून एकमेकांत गोंधळ होणार नाही असे. तीन, सहा, आठ, नऊ लांबून सारखेच दिसतात, म्हणून टाळले. हुशार माणूस! आमच्या एसटीच्या पाट्या लिहिणाऱ्यांनी शिकावं.

आता खरी गंमत सांगते, म्हणजे आमच्या घरात सध्या जे चाललंय ते. ते अकरा फुटी यान आहे ना, त्याची डावी बाजू अपुरी आहे. हो! आधी त्यात दिवे नव्हतेच. नंतर दिवे बसवायचे ठरले तेव्हा वायरी बाहेर काढायला जागा हवी, त्या डावीकडून काढल्या. कॅमेरा नेहमी उजवीकडे. मग डावीकडे खिडक्या कोण रंगवतोय, आकडे कोण घालतोय? आणि यान उलट दिशेनं जाताना दाखवायचं झालं तर? आकड्यांचे उलटे स्टिकर चिकटवायचे, उजव्या बाजूनंच चित्रण करायचं आणि फिल्म उलटी करून घ्यायची. आपल्याकडे गणपतीला घराची पुढची भिंत तेवढी रंगवतात, मागे तसाच चिरा उघडा, तसंच हे.

यांचं म्हणणं, आपणही तसंच करायचं. संग्रहालयात आहे तसं. उजवी बाजू परिपूर्ण, डावी कोरी, वायरी लोंबतायत. 'तेच अस्सल,' म्हणतात. 'त्या माणसांनी जे हातानं केलं ते.' मी म्हटलं, पण किटमध्ये दोन्हीकडचे डीकल दिलेत, पैसे दोन्हीचे घेतलेत! आणि पन्नास वर्षं लोकांनी जे यान मनात धरलं त्याला दोन्ही बाजू होत्या की. कुणी लहानपणी असं म्हटलं का, की या यानाला डावीकडून वायरी येतात? तुम्ही स्वतः म्हणाला होता का? तर गप्प. मग म्हणतात, 'मग आकडे उलटे का चिकटवले असते त्यांनी?' याला काय उत्तर देणार!

माझं मत स्पष्ट आहे, वहिनी. स्टुडिओवाल्यांना डावी बाजू नको होती असं नाही, परवडत नव्हती. वेळ नव्हता, पैसा नव्हता, दर आठवड्याला नवा भाग. आता आपल्याला दोन्ही आहेत, तर त्यांची अडचण आपण पूजायची कशाला? त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा काढा, त्या हौसेनं काढल्या असतील. लोंबत्या वायरी कुणी हौसेनं सोडत नाही. पण हे म्हणतात, अडचणीतून जे सुचलं तीच कारागिरी. दोन दिवस अबोला होता यावरून. आमच्या लग्नात मानपानावरून झाला नव्हता एवढा.

मध्येच पुतण्यानं फोनवर आणखी एक बातमी दिली आणि आमचा अबोला सुटला. अकरा फुटीच्या आधी एक लहान यान केलं होतं, तेहतीस इंची, सगळ्यांत पहिलं. ते वर्षानुवर्षं रॉडेनबेरीच्या टेबलावर असायचं. १९७९च्या चित्रपटाच्या तयारीच्या वेळी त्यानं ते कुणाला तरी उसनं दिलं, आणि गेलंच! उसनी दिलेली वस्तू म्हणजे... नाही हो, तुमच्याकडच्या माझ्या पुरणयंत्राबद्दल नाही बोलत मी. सावकाश द्या. तर ते २०२३मध्ये एकाएकी इंटरनेटच्या लिलावात विकायला आलं. चाहत्यांनी ओळखलं, आरडाओरडा केला, आणि २०२४मध्ये ते रॉडेनबेरीच्या मुलाच्या हातात पडलं. बाप गेला १९९१मध्ये. एवढ्या काळात कुणाकुणाच्या माळ्यावर होतं कोण जाणे. यांना फोनवर हुंदका आला. मी पाणी दिलं, आणि बोलणं सुरू झालं.

तडजोड? झाली ना. डावीकडचे डीकल मी लावणार, वायर स्टँडमधूनच जाणार. त्याबदल्यात पुढचं यान पूर्ण यांच्या मनाचं. हो हो, पुढचंही ठरलंय! ते 'स्टार वॉर्स'मधलं, मिलेनियम फाल्कन. मी म्हटलं किट घेणार का? जपानचं एक आहे, बँडाईचं, एकास बहात्तर, अठ्ठेचाळीस सेंटिमीटरचं, २०१७मध्ये निघालेलं. त्याला द्रवसुद्धा लागत नाही, तुकडे खटकन बसतात. किंमत मी चोरून वाचली, चाळीस हजार येन. येन म्हणजे किती ते कळेपर्यंत माझी भाजी लागली.

पण हे म्हणतात, किट नको. त्या लोकांनी केलं तसंच करायचं. १९७७च्या त्या सिनेमासाठी कॅलिफोर्नियातली ती मंडळी काय करायची, दुकानातून रणगाड्यांची, विमानांची, जहाजांची किटं पोत्यानं आणायची, फोडायची, आणि त्यांचे तुकडे यानांच्या अंगावर डकवायची. रणगाड्याचं चाक, तोफेचा गाडा, कुठल्यातरी मोटारीचं इंजिन. लांबून बघणाऱ्याला वाटतं काय ती यंत्रं, काय त्या नळ्या! आणि फाल्कनचा आकार तरी आधी असा कुठे होता? आधी लांबुळकं यान केलं होतं. ते दुसऱ्या एका मालिकेतल्या, 'स्पेस: १९९९'मधल्या यानासारखं दिसायला लागलं म्हणून ते दुसऱ्याच भूमिकेत टाकलं आणि हिरोसाठी ही थाळी नव्यानं काढली. पाच फुटांची होती ती. पुढच्या सिनेमाला हलवाहलव सोपी व्हावी म्हणून लहान केली, ती बत्तीस इंची. हे ऐकल्यापासून यांना फार बरं वाटतंय, म्हणजे फळीवर दोन्ही शेजारी मावतील.

म्हणून सांगते, तुमच्या धाकट्याचे ते मोडके रणगाडे आहेत ना पोत्यात, आणि ती चाकं गेलेली जेसीबी? भंगारवाला उद्या येणार आहे म्हणे. त्याला देऊ नका. हे संध्याकाळी पिशवी घेऊन येतील. चाकं सुटी असली तरी चालतील, उलट बरीच. आणि पोराला विचारून द्या हो, मागाहून रडायला नको. बदल्यात काय हवं ते यांच्याशीच ठरवू दे त्याला.